गुडघे ठेवायचे कुठे?

ताई, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत चौथीला आहे. उंची १४८ सेंटिमीटर. आम्ही दोघंही उंच, त्यामुळे त्याचं नवल नाही. शाळेत पहिली ते चौथी सगळ्या वर्गांना एकाच मापाचे जोडबाक आहेत. हिचे गुडघे डेस्कखालच्या कप्प्याला अडतात, म्हणून ती पाय बाहेर काढून तिरकी बसते, आणि मग बाई ओरडतात. मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून जूनपासून शेवटच्या बाकावर आहे. मान दुखते म्हणते, अक्षर बिघडलंय, अलीकडे चालतानाही पोक काढते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाचवीला मोठे बाक मिळतीलच. आणि एकीला वेगळा दिला तर सगळे मागतील." हिचे बाबा अंबडला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात मीच करून देतो. पालकसभेच्या दिवशी त्यांनी माप घेतलं: बसायची फळी जमिनीपासून १२ इंच, डेस्क २२ इंच. कोणत्या मापाचा बाक करावा? शाळेला कसं पटवावं, की सरळ शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी? घरी ती डायनिंग टेबलावर अभ्यास करते, ते तरी बरोबर आहे का? परवा रात्री तिने विचारलं, "आई, गुडघे ठेवायचे कुठे?" मला काही सांगता आलं नाही.

एक आई, सिडको, नाशिक

ताई,

पालकसभेत खिशातून टेप काढणारे वडील मी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाहीत. बहुतेक पत्रांत "बाक फार लहान आहेत हो" एवढंच असतं, त्यावर मी काय सांगणार? तुम्ही बारा आणि बावीस हे दोन आकडे पाठवलेत, त्यामुळे आज नेमकं बोलता येईल.

पण आधी माझा गुन्हा कबूल करते. जुन्या नाशकातल्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते. वर्गात एक मुलगा होता, दिवाळीपर्यंत जवळजवळ माझ्या कानापर्यंत आलेला. तो सतत तिरका बसायचा, एक पाय बाकाबाहेर, एक हात मानेखाली. मी रोज ओरडायचे, "ताठ बस!" तो दोन मिनिटं ताठ बसायचा, परत घसरायचा. असे चार-पाच महिने गेले. मग सहामाहीच्या वह्या तपासायला बसायचं होतं, स्टाफरूममध्ये गर्दी, म्हणून मधल्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात त्याच्याच बाकावर बसले. माझी उंची जेमतेम पाच फूट एक इंच. गुडघे आत जाईनात. साडी सावरून कसेबसे घुसवले तर कप्प्याच्या पत्र्याची कड मांडीत रुतायला लागली. चौथी वही तपासून होईस्तोवर मी एक पाय बाहेर काढून तिरकी बसलेली होते, आणि डावा हात मानेखाली होता.

त्या दिवशी शिपाईमामांना सांगून सातवीच्या वर्गातला एक बाक खाली आणवला. मुलाचं अक्षर काही सुधारलं नाही, ते कोंबडीच्या पायांसारखंच राहिलं. पण पाय आत गेले आणि माझं ओरडणं थांबलं.

आता तुमच्या लेकीकडे येऊ. कुठल्याही बाकाचं पहिलं माप इयत्तेवरून घ्यायचं नसतं, मुलाच्या पायावरून घ्यायचं असतं. तिला शाळेचे बूट घालायला सांगा आणि अशा ठिकाणी बसवा की मांड्या जमिनीला समांतर आणि तळवे पूर्ण टेकलेले राहतील. स्टूल उंच वाटलं तर पायाखाली पाट किंवा जाड वह्या ठेवा, स्टूल बुटकं वाटलं तर त्या बुडाखाली घ्या. मग तळव्यापासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत टेप धरा. बसायच्या फळीची उंची तेवढी हवी, चुकली तर सेंटिमीटरभर कमी चालेल. दुसरं माप: खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. डेस्कचा वरचा भाग कोपराच्या पातळीला किंवा त्याच्या दोन-तीन बोटं वर असावा. त्याहून उंच झाला तर खांदे कानाकडे चढतात, खाली गेला तर पाठीची कमान होते. तुमच्या मुलीची कमान झाली आहे.

माप न घेता अंदाज हवा असेल तर उंचीचा चौथा भाग म्हणजे ढोबळमानाने बसण्याची उंची. १४८चा चौथा भाग ३७. युरोपात शाळेच्या फर्निचरला ईएन १७२९ नावाचं मानक आहे. तिथे मुलांच्या उंचीप्रमाणे बाकांचे नंबर पाडले आहेत, आपल्या चपलांचे असतात तसे, आणि प्रत्येक नंबराला एक रंग दिला आहे. १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलांना जांभळा: बसायची उंची ३१, टेबल ५३. ११९ ते १४२ला पिवळा: ३५ आणि ५९. १३३ ते १५९ला लाल: ३८ आणि ६४. त्याच्या वर हिरवा: ४३ आणि ७१. तुमच्या शाळेचा बाक सेंटिमीटरमध्ये सुमारे ३० आणि ५६ आहे, म्हणजे फळी दुसरीतल्या पोराच्या मापाची. तुमची मुलगी लाल नंबरात बसते. तिचं वजाबाकीचं गणित सोपं आहे: फळीला आठ सेंटिमीटर कमी, डेस्कलाही आठच कमी.

दोन्हीकडे आठ आले, हे नशीबच म्हणायचं. तुमच्या मिस्टरांच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. जोडबाकाच्या चारही पायांना खालून आठ सेंटिमीटरचे बूट चढवले, म्हणजे जाड स्क्वेअर पाइपचे तुकडे बाहेरून घालून बोल्ट मारले, की फळी ३८वर आणि डेस्क ६४वर. नवीन बाक करायलाच नको.

पण इथेच खरी मेख आहे. बाक वर उचलला तरी फळी आणि कप्पा यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. डेस्क ५६वर, त्याच्या वरच्या फळीची जाडी आणि कप्प्याची खोली धरून कप्प्याचा तळ साधारण ४०वर येत असणार. बसायची फळी ३०वर. मध्ये उरले दहा सेंटिमीटर. या वयाच्या उंच मुलीची मांडी बसल्यावर जाडीला अकरा-बारा तरी भरते. बूट चढवून बाक टेकडीवर नेला तरी तिचे गुडघे तिथेच अडकणार! तेव्हा कप्पा काढा. नुसत्या बूट-बोल्टांनी तुम्हाला वाटेल काम झालं, आणि आठवड्याने ती पुन्हा तिरकी. कप्पा निघाला की मांडीला वीसच्या वर जागा मिळते. दप्तरासाठी डेस्कच्या बाजूला जाड सळईचा आकडा वेल्ड करून द्या, पण टोक आत वळवलेलं हवं, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचा फ्रॉक अडकेल. कंपासपेटीसाठी पुढच्या कडेला चार इंचांची उथळ पट्टी पुरते.

"गुडघे ठेवायचे कुठे" याचं उत्तर तेवढंच आहे: जिथे आत्ता डब्याची पिशवी आणि चुरगळलेले कागद आहेत तिथे.

आणखी एक गोष्ट बघायला सांगा, फळीची खोली. जुन्या बाकांच्या फळ्या नऊ-दहा इंचांच्या असतात. लाल नंबराला ३४ सेंटिमीटर, म्हणजे तेरा इंचांहून जास्त लागते. तेवढी नसेल तर अर्धी मांडी हवेत राहते आणि मूल पुढे सरकून कडेवर टेकतं. फळी वाढवायचीच तर मागच्या बाजूला पट्टी जोडा आणि पाठीचा आडवा पाइपही तेवढाच मागे न्या. पुढे जोडलीत तर पोट डेस्कला लागेल. पाय उंच झाले की बाक डुगडुगतो, म्हणून खालचा आडवा पाइप जमिनीलगत आणि लांब ठेवा. बाकी कडा ग्राइंडरने मारणं वगैरे मी त्यांना काय शिकवणार.

स्क्रूवर खालीवर होणारा बाक करावा असं त्यांच्या मनात असेल. घरासाठी जरूर करा. शाळेसाठी नको. असे बाक आल्या दिवशी एकदा लावले जातात आणि पाना हरवतो, पुढची दहा वर्षं ते तिथेच गंजतात. शाळेला दोन-तीन ठरलेल्या मापांचे बाक जास्त उपयोगी, आणि ते एका वर्गात मिसळून ठेवायचे.

आता तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या "सगळे मागतील" या वाक्याकडे. मी त्या खुर्चीत बसले आहे, त्यामुळे त्यांचा राग येऊ देऊ नका. वर्गात पन्नास पोरं, एकीला वेगळं काही दिलं की एकोणपन्नास घरांतून चिठ्ठ्या येतात. त्यात बाक जोडबाक. तुमच्या मुलीशेजारी जी बसते तिची उंची १२७ असेल तर उंच केलेल्या बाकावर तिचे पाय लोंबकळणार आणि तिची आई मला पत्र लिहिणार. म्हणजे बाकावर दोघी सारख्या उंचीच्या हव्यात. ती दुसरी शोधायची तर सगळ्या वर्गाची उंची घ्यावी लागणार. आणि तीच तर तुमची वाट आहे.

वर्गाच्या बाईंना सांगा, दाराच्या चौकटीवर रंगीत पट्ट्या लावू: १२०पर्यंत जांभळी, तिथून १४०पर्यंत पिवळी, वर लाल. गणिताच्या तासाला मोजमापाचा धडा म्हणून मुलांनीच एकमेकांची उंची घ्यायची. भिंतीला पाठ, डोक्यावर पुस्तक आडवं, खुणेला खडू. चौथीत लांबी मोजणं असतंच. मुलांना हा उद्योग भयंकर आवडतो, फक्त "कोण बुटका" अशी हाळी उठू नये एवढं बाईंनी सांभाळायचं. तासाभरात त्यांच्या हातात यादी येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ ते दहा वर्षांच्या मुलामुलींची मधली उंची १३२ ते १३९ सेंटिमीटर आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ग पिवळ्यात असेल. लाल पट्टीच्या वर चार-पाच जण निघतील. गंमत म्हणजे जांभळ्यातही दोन-चार निघतील, आणि त्यांनाच ते ३०चे बाक खरे बसतात. मग बाईंना एकीला वेगळं द्यायचं नसतं. पट्टीप्रमाणे बाक, कुणी मागायला आलं तर दाराशी उभं राहा म्हणायचं.

मिस्टरांना घाई करू देऊ नका अजून एका कारणासाठी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाचवीला मोठे बाक मिळतीलच. म्हणजे मोठे बाक त्याच आवारात आहेत! आधी ते मोजा. पाचवी-सहावीच्या वर्गातली फळी पंधरा-सोळा इंचांवर असेल तर दोन बाक खाली आणून बघा, चार दिवस बसवा. इंचभर उंच निघाला तर पायाखाली पट्टी टाकता येते. मात्र नववी-दहावीचा १८ इंची फळीचा आणि ३० इंची डेस्कचा बाक आणू नका. तिथे ती नव्वद अंशात बसेल पण पाय टेकणार नाहीत, आणि लिहिताना खांदे वर. मोठा म्हणजे बरा असं इथे नसतं. पुढच्या वर्षी वाढेलच म्हणून दोन नंबर मोठा बूट आपण घेतो तसं बाकाचं करू नये.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार? आत्ता नको. तक्रारीचं उत्तर कागदाने येतं, बाकाने नाही. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणजे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. तुमच्या वर्गातले पालक प्रतिनिधी कोण ते विचारा, त्यांच्या हातात उंचीची यादी द्या आणि विषय पुढच्या बैठकीत घ्यायला सांगा. एक पानाचा अर्ज पुरे: बाकाचं आत्ताचं माप, लागणारं माप, किती बाक, काम कोण करणार, शाळेला खर्च शून्य. "माझ्या मुलीला" हा शब्द त्यात नसला तर उत्तम. "इयत्ता चौथीतील पाच विद्यार्थ्यांना" असं लिहा.

आणि शाळेच्या बाकाला परस्पर हात लावू नका, अगदी रविवारी चावी मिळाली तरी. प्रत्येक बाकाची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद असते. कप्पा कापला म्हणजे शाळेच्या वस्तूची मोडतोड झाली असं कुणी लिहिलं तर जाब मुख्याध्यापिकेला द्यावा लागतो. बाईंच्या नकारामागे निम्मी भीती तीच असते, त्या बोलून दाखवत नाहीत. लेखी परवानगी घ्या, काम झाल्यावर "पालकांकडून दुरुस्ती" अशी नोंद करून घ्या. नवीन बाक दिलात तर देणगी म्हणून चढवा. त्यांचा जीव भांड्यात पडेल.

हे सगळं व्हायला महिना जाईल. तोवर उद्यापासून करण्यासारखं असं की तिला शेवटच्या बाकावरून काढा, पण मधल्या रांगेत पुढे नको. भिंतीकडच्या किंवा खिडकीकडच्या रांगेत दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, वाटेकडच्या टोकाला. तिथे मागच्यांचा फळा मधल्या रांगेपेक्षा कमी झाकला जातो, आणि पाय मोकळ्या बाजूला सोडता येतात. बाईंना एवढंच सांगा, "बाक मिळेपर्यंत तिरकी बसली तर चालवून घ्या." वर्गाच्या मागे तीन फुटी ठेंगणं कपाट असेल तर त्यावर वही ठेवून उभ्याने लिहिण्याची मुभा मागा. तिच्या उभ्या कोपराची उंची साधारण तेवढीच आहे. अर्धा तास बसून दहा मिनिटं उभं राहिलं की मान पुष्कळ मोकळी होते. वह्या वाटायचं काम तिला मिळालं तर तेवढंच हिंडणं.

शेवटच्या बाकावर जूनपासून आहे म्हणता, तर एकदा डोळे तपासून घ्या. पुढे झुकून बसणारी काही मुलं बाकामुळे झुकत नाहीत, त्यांना फळाच नीट दिसत नसतो.

डायनिंग टेबलाबद्दल विचारलंत. आपल्याकडची डायनिंग टेबलं ३० इंचांच्या आसपास असतात, खुर्च्या १८ इंच. शाळेत तिला सगळं बुटकं, घरी सगळं उंच! बिचारीची मान सकाळी खाली आणि संध्याकाळी खांदे वर. नवीन स्टडी टेबल घ्यायची गरज नाही. खुर्चीवर तीन इंचांची घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी द्या, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मग पाय हवेत जातील, त्यासाठी खाली सहा इंच उंचीचं काहीतरी ठेवा. चौरंग अगदी मापाचा असतो, पण पूजेचा घेऊ नका, घरात महाभारत होईल. न्हाणीतली रुंद पाटली, नाहीतर मिस्टरांनी कारखान्यातून उरलेल्या पाइपची चौकट आणि वर फळी. दोन्ही तळवे एका वेळी मावतील इतकी रुंद हवी.

वाचायला आणि लिहायला उतरता फळा करून द्या. सराफ बाजारातल्या जुन्या पेढ्यांवर मुनीम मांडी घालून ज्या उतरत्या डेस्कवर खतावणी लिहायचे ते आठवतं का? त्या उतारामुळे त्यांना वहीवर फार वाकावं लागत नसे. बारा मिलिमीटरचं प्लाय, साधारण १६ इंच खोल, मागच्या कडेखाली तीन इंचांची पट्टी. एवढ्याने दहा अंशांचा उतार मिळतो आणि वही डोळ्यांकडे येते, डोळ्यांनी वहीकडे जायला नको. खालच्या कडेला पेन्सिल घसरू नये म्हणून बारीक रीप ठोका.

पोक आणि मानदुखीची काळजी वाटणं साहजिक आहे. वाकून बसल्याने मुलांचा कणा कायमचा वाकडा होत नाही. दुखतं, थकवा येतो, लक्ष उडतं, आणि बाक बदलल्यावर ते हळूहळू कमी होतं. पण तिला एकदा पाठमोरी उभी करून पुढे वाकायला सांगा, दोन्ही हात लोंबते सोडून. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली, किंवा एक खांदा कायम वर राहत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याचा बाकाशी संबंध नसतो, पण उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात ते लक्षात आलेलं बरं. दुखण्याने रात्री जाग येत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तरी दाखवा.

उंचीचंही एकदा बालरोगतज्ज्ञांकडे नोंदवून घ्या. तिच्या वयाची मधली उंची १३५-१३६च्या आसपास आहे, ती १४८ म्हणजे तक्त्याच्या वरच्या टोकाला. आईवडील उंच असले की असं असतंच, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. डॉक्टरांना बघायचं असतं ते वाढीचा वेग. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर नेहमीचे. गेल्या वर्षभरात त्यापेक्षा बरीच जास्त वाढली असेल, किंवा वयात येण्याच्या खुणा आठ वर्षांच्या आधीच दिसल्या असतील, तर ते त्यांना आवर्जून सांगा. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं घेऊन जा, त्यांत उंची-वजनाचा रकाना असतो. कुणी भरला असेल तर.

चालताना पोक काढते ते मात्र बाकामुळे नसेल. वर्गातल्या उंच मुलीला काय काय ऐकावं लागतं ते मी ऐकलेलं आहे. शिडी, खांब, नारळ काढून दे. ही चेष्टा पोरं करतात, पण मोठी माणसं करतात ते जास्त लागतं. साडेनऊ वर्षांची मुलगी बारा वर्षांची दिसते, म्हणून तिने बारा वर्षांचं वागावं अशी सगळ्यांची अपेक्षा. लहान भावंडाने खोडी काढली तरी "तू एवढी मोठी झालीस ना?" रडली तर "शोभतं का?" स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचात तिला कायम मिशी लावून पुरुष करायचं. माझ्या हातूनही हे झालं आहे, एकदा नाही, तीन-चार वर्षं लागोपाठ. यंदा नाच बसायला लागला की तिला काय व्हायचंय ते बाईंनी तिला विचारावं, एवढं सुचवून बघा. आणि घरात "ताठ चाल" म्हणणं महिनाभर बंद ठेवा, मिस्टरांनाही सांगा.

माप घेताना तिला बरोबर घ्या. टेप तिच्या हातात द्या, आकडे तिनेच लिहू देत. कप्पा का काढायचा हे तिला आत्ताच माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फळीची खोली आणि लवणीपर्यंतचं माप आलं की मला कळवा, मग पाठीच्या पाइपचं बघू. आणि बूट चढवल्यावर खाली रबरी बुश लागतील, ती चार पायांना चार आणू नका, आठ आणा. जानेवारीपर्यंत निम्मी पोरांनी खोडरबर म्हणून नेलेली असतात.